संगीतसूर्य केशवराव भोसले : पगारी मुलगा ते मंडळीचे धनी

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा आपला प्रघात आहे. आजवर या पानांवर बहुधा लढवय्ये, संत, समाजसुधारक आणि शिक्षणाचे पुरस्कर्ते येत गेले. यंदा आम्ही एका नटाची निवड केली, याचे कित्येक ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. शिवाय ते कोल्हापूरचे, आणि आपण मेहकर तालुक्यातील जानेफळचे. दोहोंमध्ये अंतरही थोडेथोडके नाही. परंतु संगीतसूर्य केशवराव भोसले हे आपल्या मराठा समाजात जन्मलेले, आणि अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात मराठी रंगभूमीच्या अग्रभागी जाऊन बसलेले पुरुष होत. त्यांच्या गळ्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यांत भर घालण्याची आमची योग्यता नाही. नटाच्या श्रमाचा मोबदला काय, तो कोणी ठरवायचा, आणि न पटल्यास नटाने करावे काय, एवढ्या एका प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही त्यांचे चरित्र पाहणार आहोत. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली अलीकडे नाटक, मालिका आणि चित्रपट यांच्या वाटेने मुंबई-पुण्याकडे जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईबापांना हा प्रश्न आज ना उद्या पडणारच.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे नाव विठ्ठलराव व आईचे जनाबाई. घरची स्थिती अगदी बेताची. वडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि संसाराचा सारा भार जनाबाईंवर येऊन पडला. मुलाचा गळा गोड होता. त्या काळी गरीब घरातील गोड गळ्याच्या मुलापुढे दोनच मार्ग असत : एक कीर्तनकाराच्या मागे उभे राहण्याचा आणि दुसरा नाटक मंडळीत जाण्याचा. जनाबाईंनी मुलाला जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत ठेवले. नाटकात जाणे म्हणजे मुलगा वाया जाणे, असे मानणारे शेकडा नव्वद लोक ज्या समाजात होते, त्या समाजातील एका विधवेने घेतलेला हा निर्णय आहे. तो हौसेने घेतलेला नसून चुलीकडे पाहून घेतलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मंडळीत ठेवणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीस फोडून सांगितले पाहिजे. त्या काळची नाटक मंडळी म्हणजे एक फिरता संसार असे. पन्नास-शंभर माणसे, पडद्यांचे गुंडाळे, कपड्यांच्या पेट्या, आचारी, पाणके, सुतार, पेटीवाले, तबलजी असा सारा लवाजमा घेऊन मंडळी गावोगाव मुक्काम करी. मुक्कामाच्या जागेस बिऱ्हाड म्हणत. सर्वांचे दोन वेळचे जेवण आणि राहणे बिऱ्हाडावर. त्याशिवाय हातात पडेल तो पगार. मंडळीत माणसांचे दोन वर्ग असत. एक मालक अथवा भागीदार, ज्यांना नफ्यात वाटा मिळे. दुसरा पगारदारांचा, ज्यांना महिना ठरलेली रक्कम मिळे, आणि तीही उत्पन्न बरे झाले तर वेळेवर, नाही तर पुढच्या गावी. खेळास माणसे लोटली म्हणून पगारदाराचा पगार त्या रात्री वाढत नसे. पावसाने खेळ बुडाला की मात्र थकबाकी वाढे.

त्यातही मुलांची स्थिती निराळी. स्त्रीभूमिका पुरुषांनी, विशेषतः कोवळ्या आवाजाच्या मुलांनी, करण्याचा तो काळ. मुलगा मंडळीत घेताना पालकांशी काही वर्षांचा करार होई, घरी थोडी उचल दिली जाई, आणि मग मुलाचे गाणे, अभिनय, चालणे-बोलणे हे सारे शिक्षण मंडळीच्या खर्चाने होई. मालकांची बाजू अशी की, चार वर्षे खाऊ घालून व शिकवून मुलगा तयार करायचा आणि नेमका उपयोगाचा झाला की दुसऱ्या मंडळीने तो फोडून न्यायचा, हे कसे सोसावे? मुलाची बाजू अशी की, ज्या आवाजावर सारे थिएटर भरते तो आवाज पंधराव्या-सोळाव्या वर्षी फुटणार. तो पुन्हा लागला तर नशीब, न लागला तर हातात ना विद्या, ना पैसा. या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. गाणाऱ्या मुलाच्या कमाईचे दिवस मोजके असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला आपली किंमत ठरविण्याचा अधिकार नसतो. यातील खरी अडचण आम्हांस तरी एवढीच दिसते.

येथे कायद्याविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. १८७२चा करारविषयक कायदा सज्ञान माणसालाच करार करण्यास पात्र मानतो. अज्ञान मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये दिला. म्हणजे मुलाच्या नावाने लिहून घेतलेले कागद न्यायालयात मालकाच्या फारसे कामाचे नव्हते. परंतु मुलाच्याही ते कामाचे नव्हते, हे पुढे मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात स्पष्ट झाले. एका बालनटीच्या वतीने तिच्या वडिलांनी एका चित्रपट-निर्मात्याशी वर्षाच्या कामासाठी ९,५०० रुपयांचा, बारा मासिक हप्त्यांनी द्यावयाचा, करार केला होता. निर्मात्याने काम दिले नाही आणि करार मोडला. नुकसानभरपाईचा दावा झाला तेव्हा न्यायालयाने ठरविले की, मुलगी अज्ञान असल्याने तिचा करार ग्राह्य नाही, आणि मुलीने सेवा करण्याचे वचन हे वडिलांच्या कराराचा मोबदला होऊ शकत नाही. १९४९च्या निर्णयसंग्रहात हा निवाडा छापलेला आहे. मुलांना या क्षेत्रात धाडणाऱ्या आपल्या बांधवांनी कागदावर सही करण्यापूर्वी तो एखाद्या वकिलाकडून समजावून घ्यावा. असो.

स्वदेशहितचिंतक मंडळीत केशवरावांना केवळ कष्टच मिळाले, असे लिहिणे अन्यायाचे होईल. गाण्याची पहिली खरी तालीम त्यांना तेथेच मिळाली. रंगभूमीवर उभे कसे राहावे, पद कोठे तोडावे, प्रेक्षकांची दाद अंगावर कशी घ्यावी, हे सारे शिक्षण बिऱ्हाडावर झाले. पुढे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक आले. किर्लोस्कर मंडळीने १८९९च्या जानेवारीत इंदूर येथे ते प्रथम रंगभूमीवर आणले आणि पाहता पाहता इतर मंडळ्यांनीही ते उचलले. जरठकुमारी विवाहाच्या दुष्ट चालीवर रचलेल्या या नाटकात शारदेच्या भूमिकेस कोवळे वय व कोवळा आवाज दोन्ही हवे असतात. स्वदेशहितचिंतक मंडळीतील शारदेची भूमिका करणारा मुलगा मंडळी सोडून गेला आणि ऐन वेळी ती भूमिका दहा-बारा वर्षांच्या केशवरावांकडे आली, असे सांगतात. त्या एका भूमिकेने त्यांचे नाव गावोगाव झाले. नाटकातील भेदरलेली मुलगी आणि रंगभूमीवर उभा असलेला पोर, दोघांचेही वय जवळजवळ सारखेच, प्रेक्षक रडत.

या प्रसंगात एक गोष्ट सहज निसटून जाते. एक मुलगा मंडळी सोडून गेला, म्हणून दुसऱ्याला संधी मिळाली. नाराज नटाने करावयाची गोष्ट म्हणजे मंडळी सोडणे, हा त्या काळचा सर्वत्र रूढ असलेला उपाय होता. मालकाशी बोलून पगार वाढवून घेणे क्वचितच साधे. रंगपटात रुसून बसणे, तोंडाला रंग न लावणे, आजारपणाचे निमित्त करणे असे आडवळणाचे मार्ग पुष्कळ होते. परंतु सरळपणे समोर बसून आकडा सांगावा, तो लिहून घ्यावा, आणि दोन्ही पक्षांनी तो पाळावा, अशी चालच पडली नव्हती. पगार मागणे हा कृतघ्नपणा समजला जाई. ज्यांनी वाढविले त्यांच्याशी हिशेब कसला करायचा, असा प्रश्न मोठी माणसेही विचारीत. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. घरातही हिशेब असतो. तो कोणी लिहून ठेवीत नाही, एवढेच.

केशवराव मोठे होऊ लागले तशी त्यांची भूमिका आणि मंडळीतील त्यांचे स्थान यांत तफावत वाढत गेली. खेळाची जाहिरात त्यांच्या नावावर होई, आणि निर्णय मात्र दुसऱ्यांच्या हाती. अखेर मालकांशी जमेनासे झाले आणि त्यांनी मंडळी सोडली. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय सतरा वर्षे पाच महिन्यांचे होते. गंमत अशी की, कायद्याच्या दृष्टीने ते स्वतः अजून अज्ञानच होते. ज्या वयात मुलगा आपल्या पगाराचा कागद लिहून देऊ शकत नाही, त्या वयात त्यांनी दुसऱ्यांचे पगार देण्याची जबाबदारी शिरावर घेतली.

ही जबाबदारी किती मोठी, याची कल्पना नाटक मंडळीचा जमाखर्च ज्याने पाहिला आहे त्यासच येईल. पडदे रंगवून घ्यायचे, भरजरी पोशाख शिवायचे, थिएटरचे भाडे आगाऊ भरायचे, रेल्वेचे डबे ठरवायचे, आणि एकही तिकीट विकले जाण्यापूर्वी शंभर ताटे मांडायची. हे भांडवल सावकाराकडून येई. म्हणजे मालकाच्या तावडीतून सुटलेला नट सावकाराच्या दारात जाऊन उभा राही. केशवरावांनी कोल्हापूर-पुणे सोडून हुबळीसारखे कर्नाटकातील गाव निवडले. उत्तर कर्नाटकात मराठी संगीत नाटकाचा मोठा चाहता वर्ग होता, हे लक्षात घेता ती निवड व्यवहाराची वाटते. ललितकलादर्शच्या तेथील मुक्कामांचा कानडी नाटक मंडळ्यांवरही पुष्कळ परिणाम झाला.

केशवरावांनी केले ते त्यांनी एकट्यानेच केले असे नव्हे. पाच वर्षांनी, १९१३ मध्ये, किर्लोस्कर मंडळीसारख्या मातब्बर संस्थेतून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे एकदम बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मागे ती संस्था प्रथम भाऊराव कोल्हटकरादी नटांच्याच हाती होती. पुढे कारभार शंकरराव मुजुमदार यांच्याकडे आला आणि ज्यांच्यावर गल्ला जमे ते नट पगारदार राहिले. तेथेही वाद मालकीचाच होता. पुन्हा पाच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्याच किर्लोस्कर मंडळीतून मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे बाहेर पडले व बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. दीनानाथ तेव्हा सतरा वर्षांचे होते. दहा वर्षांत तीन मोठ्या मंडळ्या अशा तऱ्हेने जन्मास आल्या. मराठी संगीत रंगभूमीचे जे वैभवशाली युग म्हणून सांगितले जाते, त्याचा एक पाया नाराज नटांनी रचलेला आहे, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु नट मालक झाला म्हणजे तंटा मिटतो काय? गंधर्व मंडळीच्या तीन भागीदारांपैकी टेंबे थोड्याच वर्षांत बाजूला झाले, आणि पुढे बोडसही गेले. १९२१च्या सुमारास मंडळीवरील कर्जाचा डोंगर एकट्या बालगंधर्वांच्या माथी आला आणि तो फेडण्यात त्यांच्या उमेदीची कित्येक वर्षे गेली. टेंब्यांनी पुढे शिवराज मंडळी काढली. दीनानाथांची मंडळीही शेवटी कर्जापायीच बुडाली. एका मंडळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी ही कुळी वाढत गेली. प्रत्येक नव्या मालकाच्या पदरी पुन्हा पगारदार आलेच, आणि त्यांतील गुणी पगारदार पुन्हा तोच विचार करू लागले.

याच काळात सातासमुद्रापलीकडे काय चालले होते तेही पाहावे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी नटांनी १९१३ मध्येच आपली संघटना स्थापन केली होती. नाटकाच्या आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या तालमींचा पैसा मिळत नसे, जादा खेळांचे वेतन मिळत नसे, पोशाख पदरचे करावे लागत, आणि दौऱ्यावर खेळ पडला तर मालक नटांना परगावी सोडून निघून जात. या तक्रारी आपल्याकडील नटासही अनोळखी वाटणार नाहीत. १९१९च्या ऑगस्टमध्ये तेथील नटांनी संप पुकारला. सुमारे एक महिना शहरातील नाटके एकामागून एक बंद पडत गेली. नामांकित नट आणि समूहगानातील मुली एका रांगेत रस्त्यावर उतरल्या. सप्टेंबरच्या प्रारंभी मालकांनी संघटनेस मान्यता दिली आणि सर्वांना लागू होणारा एक नमुना-करार ठरला. तेथील थोर नट मालक होण्यासाठी बाहेर पडला नाही. लहान नटासह आत राहून त्याने अटी बदलून घेतल्या.

आपल्याकडे असे का झाले नाही? एकत्र येण्याची बुद्धी नव्हती, असे म्हणता येत नाही. १९०५ मध्ये मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद आपल्या वऱ्हाडचे, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी भूषविले. ही गोष्ट वऱ्हाडकरांना अभिमानाची आहे. तथापि त्या व्यासपीठावर मंडळ्यांचे चालक, नाटककार आणि रसिक जमत. पगारदाराच्या बाजूने मालकाशी बोलणारी संस्था म्हणून ते उभे नव्हते. शिवाय आमच्याकडे मंडळी फिरती. आज हुबळी, उद्या मिरज, परवा अकोला. एका शहरात शंभर थिएटरांचे नट एकत्र भेटतील, अशी सोयच नव्हती. आणि सर्वांत मोठी अडचण बिऱ्हाडाची. ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या पंगतीला जेवतो, त्याच्याविरुद्ध सभा कोठे भरवायची?

केशवराव स्वतः धनी कसे होते, हे आता पाहू. त्यांनी नुसती जुनी, खपाऊ नाटके केली नाहीत. जिवंत, नव्या लेखकांकडून नवी नाटके घेतली. त्यात पहिला मान वऱ्हाडाकडे जातो. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले, आणि त्यातील केशवरावांची मृणालिनी अतिशय गाजली. पुढे मामा वरेरकर यांची 'हाच मुलाचा बाप' व 'संन्याशाचा संसार' ही नाटके त्यांनी केली. पहिल्यात हुंड्याच्या चालीवर प्रहार आहे. आपल्या समाजाच्या सभांतून आजही त्या विषयावर ठराव करावे लागतात, म्हणून मुद्दाम नोंदवितो. नाटककाराला पुरेसा मोबदला मिळण्याची परंपरा त्या काळी बेताचीच होती. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोद येथे वकिली करणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे किर्लोस्कर मंडळीस नाटके देणारे अग्रगण्य नाटककार, परंतु त्यांचा चरितार्थ वकिलीवर चालला. लेखणीवर पोट भरण्याचे धाडस करणाऱ्या वरेरकरांसारख्या लेखकास ललितकलादर्शसारखी मंडळी मिळणे, ही म्हणूनच साधी बाब नव्हती.

गायनाच्या बाबतीत केशवरावांनी गुरू शोधले ते रामकृष्णबुवा वझे यांच्यासारखे. स्वतःचे नाव सर्वतोमुखी झालेले असता बुवांपुढे शिष्य म्हणून बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ललितकलादर्शच्या कित्येक नाटकांतील पदांना वझेबुवांनी चाली दिल्या. नाटकाच्या सजावटीवरही केशवरावांनी सढळ हाताने खर्च केला. दर्शनी मखमली पडद्याचे श्रेय नाट्येतिहासात त्यांनाच दिले जाते. तिकिटास पैसे मोजणारा प्रेक्षक आणि पडदा ओढणारा गडी, दोघांच्याही डोळ्यांत मंडळीची अब्रू वाढली पाहिजे, अशी ही दृष्टी होती. मराठी रंगभूमीवर तोवर बहुतेक मोठ्या मंडळ्या ब्राह्मण चालकांच्या होत्या. त्यांच्या बरोबरीने, किंबहुना एखादे पाऊल पुढे, एका मराठा कुटुंबातील गरीब मुलाने उभी केलेली मंडळी चालत होती. राजर्षी शाहू महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता. तसाच तो बालगंधर्वांवरही होता, हे येथे सांगितले पाहिजे. महाराजांच्या आश्रयास गुणाची ओळख होती.

मंडळीत माणसे कशी टिकतात, यावरून धन्याची परीक्षा होते. व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर हे गुणी गायक नट ललितकलादर्शमध्ये आले ते तेथेच राहिले. स्वतः केशवराव ज्या रीतीने एका मंडळीतून बाहेर पडले, त्या रीतीने त्यांचा हा पहिल्या प्रतीचा सहकारी बाहेर पडला नाही. यात बापूरावांची निष्ठा आहे, तशीच धन्याची वागणूकही आहे, असे आम्ही समजतो.

१९२१ साली केशवरावांच्या आयुष्यात तो प्रसंग आला, ज्याची कहाणी महाराष्ट्रात अजून सांगितली जाते. टिळक स्वराज्य फंडास साह्य व्हावे म्हणून ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून 'मानापमान' करावे असे ठरले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो खेळ झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर कधी ऐकिवात नव्हते इतके चढे होते, तरीही जागा पुरली नाही, आणि एका रात्रीत सोळा हजारांवर रुपये जमले. त्या काळी साध्या कारकुनाचा पगार महिना पंचवीस-तीस रुपये धरला तर या रकमेचे वजन लक्षात येईल. दोन आवाज एका रंगमंचावर आले की लोक काय मोजावयास तयार असतात, हे त्या रात्री उघड झाले. बिऱ्हाडावरच्या मुलाला जो पगार मिळे, आणि तो मुलगा गाताना थिएटरात जो पैसा जमे, यांतील अंतर तर याहून पूर्वीपासूनचे होते. पण ते कोणी हिशेबाच्या वहीत समोरासमोर मांडले नव्हते. त्या रात्रीचे उत्पन्न सत्कार्यास गेले. नटाने आपण होऊन दिलेले फुकट श्रम आणि त्याच्याकडून घेतलेले फुकट श्रम यांत फरक असतो. देशकार्याच्या, धर्मकार्याच्या वा समाजकार्याच्या नावाने कलावंतास बोलावून रिकाम्या हाताने परत धाडणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांनी हा फरक विसरू नये. आम्हीही गणेशोत्सवात आणि स्नेहसंमेलनात हेच करीत आलो आहोत.

त्या विजयानंतर तीन महिनेही गेले नाहीत तोच विषमज्वराने केशवरावांना गाठले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. वय एकतीस. मंडळीवर शोककळा पसरली, परंतु मंडळी मोडली नाही. तिची धुरा बापूराव पेंढारकरांकडे आली. रक्ताच्या नात्यापेक्षा रंगभूमीवरच्या सहवासाचे नाते येथे वारसा ठरले. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले. बापूराव १९३७ मध्ये निवर्तले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी पुढे मंडळी पुन्हा उभी केली आणि ती दीर्घकाळ चालविली.

दरम्यान रंगभूमीच्या व्यवहाराचे स्वरूप पालटले. बोलपटाच्या लाटेत फिरती बिऱ्हाडे मोडली. स्त्रिया स्त्रीभूमिका करू लागल्या आणि कोवळ्या आवाजाच्या मुलाची गरज संपली. स्वातंत्र्यानंतर व्यावसायिक नाटकांत महिन्याच्या पगाराऐवजी प्रत्येक खेळाचा मोबदला देण्याची पद्धत स्थिरावली. तिला नटमंडळी नाईट म्हणतात. नाईटमध्ये एक बरे झाले, की नटाची किंमत आकड्यात बोलली जाऊ लागली. वाईट हे झाले की, खेळ नाही तर पैसा नाही. आजारी पडलेल्या नटास बिऱ्हाडावर निदान दोन घास मिळत. नाईटवाल्यास तेही नाहीत. तालमीचा पैसा कोणी द्यावा, प्रवासाचा वेळ कामात धरावा की नाही, खेळ ऐन वेळी रद्द झाल्यास अर्धी नाईट मिळावी काय, हे प्रश्न न्यूयॉर्कच्या नटांनी १९१९ मध्ये विचारले होते. आपल्याकडे ते अजून बहुधा तोंडी बोलण्यावरच सुटतात किंवा अडतात.

कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाला लागून शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर बांधविले. पुढे या नाट्यगृहास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यास आग लागली आणि आतील रंगमंच जळून गेला. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. त्यानंतर शासनाने व महापालिकेने पुनर्बांधणीचे काम हाती घेतले. आपल्या समाजाच्या सहली दरवर्षी पंढरपूर आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनास जातात. मंदिरापासून ही जागा फार दूर नाही.